बाहेरचे स्टुडिओ काही कन्सोलनाच का जवळ करतात?

कन्सोल आणि गेम या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी एकाच मुद्द्याभोवती फिरणारी आहेत. कन्सोल बनवणारी कंपनी स्वतःचे गेम काढतेच. पण त्याखेरीज जे स्वतंत्र स्टुडिओ आणि प्रकाशक असतात, ज्यांना थर्ड पार्टी म्हटले जाते, ते एका यंत्रावर आपले सर्व गेम आणतात आणि दुसऱ्याकडे फिरकतही नाहीत, असे का होते? निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : निन्टेंडोचा ‘वी’ हा कन्सोल दहा कोटींहून अधिक विकला गेला, तरीही त्या काळातले कितीतरी मोठे गेम फक्त एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांवरच आले. ज्या यंत्राकडे सर्वाधिक ग्राहक आहेत, तेच यंत्र बाहेरचे स्टुडिओ का टाळतात?

उत्तर : विकल्या गेलेल्या यंत्रांच्या आकड्यापेक्षा आपल्या प्रकारचा गेम विकत घेणारी माणसे त्या यंत्राकडे किती आहेत, हा आकडा स्टुडिओच्या दृष्टीने मोलाचा असतो. २००६ मध्ये आलेला वी ज्यांनी घेतला, त्यांत पूर्वी गेमच्या वाटेला न गेलेली माणसे मोठ्या संख्येने होती. हात हलवून टेनिस किंवा बोलिंग खेळता येते, या गंमतीसाठी त्यांनी यंत्र घेतले होते आणि बहुतेक देशांत तो गेम यंत्राबरोबरच मिळत होता. असा ग्राहक तीस-चाळीस तासांच्या युद्धकथेकडे वळेलच, याची खात्री कोणताही प्रकाशक देऊ शकत नव्हता.

दुसरी अडचण खर्चाची होती. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ ही दोन्ही यंत्रे हाय डेफिनिशन चित्रासाठी बनवलेली होती, तर वीची रचना निन्टेंडोच्याच आधीच्या गेमक्यूबच्या जवळची होती. त्यामुळे त्या दोघांसाठी तयार झालेला गेम वीवर नुसता उतरवता येत नसे. चित्रे, प्रकाशयोजना, शत्रूंची संख्या, नियंत्रणपद्धती असे बरेच काही नव्याने करावे लागे. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ हा गेम इतर यंत्रांवर २००७ मध्ये आला आणि वीवर पोहोचायला त्याला २००९ उजाडले. दोन वर्षांनी आलेल्या गेमबद्दल कोणाला उत्सुकता राहणार?

मात्र वीकडे बाहेरच्यांनी सरसकट पाठ फिरवली, हे म्हणणे मला पटत नाही. यूबीसॉफ्टने २००९ मध्ये ‘जस्ट डान्स’ वीसाठी काढला आणि त्यातून एक दीर्घकाळ चालणारी मालिका उभी राहिली, कारण तो गेम त्या यंत्राच्या ग्राहकाला ओळखून बनवलेला होता. गेम बनवायला काही वर्षे लागतात, पैसा आधी खर्च होतो आणि विक्री कशी झाली ते अगदी शेवटी कळते. मधल्या काळातली ही जोखीम कोणत्या यंत्रावर कमी आहे आणि ती उचलायला यंत्र बनवणारी कंपनी किती हातभार लावते आहे, याचा हिशेब प्रत्येक स्टुडिओ मांडत असतो. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

प्रश्न : ऐंशीच्या दशकात जवळजवळ सगळे निर्माते निन्टेंडोकडे होते, असे वाचले आहे. मग नव्वदच्या दशकात ते प्लेस्टेशनकडे का गेले? केवळ कार्ट्रिजऐवजी (गेमची चिप असलेल्या प्लास्टिकच्या डबीऐवजी) सीडी आली म्हणून?

उत्तर : सीडी हे कारण खरे आहे, पण नाराजी त्याआधीपासून साठत आलेली होती आणि ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अटारी २६०० हे यंत्र १९७७ मध्ये आले, तेव्हा त्यासाठी बाहेरच्या कोणी गेम बनवावेत अशी कल्पनाच नव्हती. अटारीतले काही प्रोग्रॅमर आपल्या कामाला श्रेय आणि योग्य मोबदला मिळत नाही म्हणून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन स्थापन केली. कन्सोलसाठी गेम बनवणारी ती पहिली स्वतंत्र कंपनी होय. अटारीने तिला न्यायालयात खेचले. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि मोबदला देऊन बाहेरच्यांनी गेम काढण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेने चांगले गेम आले तसेच घाईघाईने जुळवलेले निकृष्ट गेमही ढिगाने आले, आणि १९८३ मध्ये अमेरिकेतली कन्सोलची बाजारपेठ कोसळली. त्या पडझडीला इतरही कारणे होती, पण दर्जावर कोणाचेही नियंत्रण नसणे हे त्यांतले एक मोठे कारण मानले जाते.

निन्टेंडोने या पडझडीतून धडा घेतला. अमेरिकेत आणलेल्या एनईएस या आपल्या कन्सोलमध्ये तिने एक कुलूप-चिप बसवली, त्यामुळे परवान्याशिवाय बनवलेले कार्ट्रिज चालत नसे. परवाना घेणाऱ्याला वर्षाला पाचच गेम काढता येत, तो गेम दोन वर्षे दुसऱ्या कन्सोलवर नेता येत नसे, आणि कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच, तीही ठरावीक किमान संख्येत आणि पैसे आगाऊ भरून, बनवून घ्यावी लागत. कोनामीने पाचांची मर्यादा ओलांडण्यासाठी ‘अल्ट्रा गेम्स’ या दुसऱ्या नावाने प्रकाशन सुरू केले, यावरून ही अट किती जाचत होती याची कल्पना येते. तरीही सगळे निन्टेंडोकडेच राहिले, कारण ग्राहक तिथेच होता.

यातली सर्वांत जड अट मला आगाऊ पैशांची वाटते. गेम चालेल या अंदाजाने प्रकाशकाने मोठी मागणी नोंदवायची, कार्ट्रिज तयार होऊन येईपर्यंत बराच काळ थांबायचे, आणि गेम पडला तर न विकलेला माल त्याच्याच गळ्यात. उलट गेम अपेक्षेपेक्षा जास्त चालला तर नवा माल येईपर्यंत लोकांचा उत्साह ओसरून जाई. दोन्ही बाजूंनी नुकसान प्रकाशकाचे होते आणि निन्टेंडोला मात्र तिचे पैसे आधीच मिळालेले असत.

पहिली फट सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या जेनेसिस या कन्सोलने पाडली. त्या यंत्राची अंतर्गत रचना इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशक कंपनीने स्वतः उलगडून काढली आणि परवान्याशिवाय गेम काढण्याची तयारी दाखवत १९९० मध्ये सेगाकडून बऱ्याच सवलतीच्या अटी मिळवल्या. त्यानंतर या कंपनीचे खेळांवरचे गेम जेनेसिसचे मोठे बळ ठरले. सेगाला हा सौदा मनापासून आवडला नसेल, पण तिच्या यंत्राला त्याने अमेरिकेत उभे केले.

सोनी १९९४ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये उतरली ती ही सगळी गाऱ्हाणी ऐकून. सीडी बनवायला कार्ट्रिजच्या तुलनेत अगदी थोडा खर्च येई आणि मागणी वाढली तर काही दिवसांत नव्या प्रती काढता येत. त्यामुळे प्रकाशकाला आधी थोड्या प्रती काढून अंदाज घेता येऊ लागला. शिवाय सोनीने १९९३ मध्ये ब्रिटनमधली सिग्नोसिस ही कंपनी घेतलेली होती आणि तिच्यामार्फत साध्या पीसीवर चालणारी विकाससाधने स्टुडिओंना मिळाली. निन्टेंडो ६४ मात्र १९९६ मध्येही कार्ट्रिजच घेऊन आला. त्याच्या सर्वांत मोठ्या कार्ट्रिजमध्ये ६४ मेगाबाइट मावत, तर एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट. स्क्वेअरचा ‘फायनल फँटसी ७’ १९९७ च्या जानेवारीत प्लेस्टेशनवर आला तो तीन सीडींवर. निन्टेंडोच्या यंत्रांवर वाढलेली ही मालिका हलली आणि तिच्या पाठोपाठ एनिक्सनेही ‘ड्रॅगन क्वेस्ट ७’ प्लेस्टेशनसाठी जाहीर केला. जपानमधल्या ग्राहकासाठी एवढा संकेत पुरेसा होता.

कार्ट्रिजचे फायदे नव्हते असे नाही. गेम झटकन सुरू होई आणि नक्कल करणे अवघड होते. पण हे फायदे खेळणाऱ्याच्या आणि निन्टेंडोच्या पदरात पडत. खर्च आणि धोका प्रकाशकाकडे राही.

प्रश्न : एखाद्या यंत्रासाठी प्रोग्रॅमिंग अवघड असले तर स्टुडिओ दूर राहतात, असे म्हणतात. पण प्लेस्टेशन २ अवघड असूनही त्यावर सर्वाधिक गेम आले. हा विरोधाभास नाही का?

उत्तर : अवघडपणाही खर्चाच्या रूपातच मोजला जातो, त्यामुळे वरवर वाटतो तसा विरोधाभास इथे नाही. अवघड यंत्रावर काम करायला जास्त अनुभवी माणसे आणि जास्त महिने लागतात. तेवढी विक्री समोर दिसत असेल तर स्टुडिओ तो खर्च करतो, नाहीतर करत नाही.

प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य प्रोसेसरबरोबर दोन व्हेक्टर युनिट (चित्रांसाठीची आकडेमोड करणारे वेगळे भाग) होती आणि त्यांना सतत काम पुरवत राहणे हे कौशल्याचे होते. पण हे यंत्र जुन्या प्लेस्टेशनचे गेम चालवत होते, डीव्हीडी दाखवत होते आणि अखेर पंधरा कोटींहून अधिक विकले गेले. इतकी मोठी बाजारपेठ मिळणार म्हटल्यावर स्टुडिओंनी ते शिकून घेतले.

सेगा सॅटर्नची स्थिती याच्या नेमकी उलट होती. हिताची कंपनीचे दोन प्रोसेसर, त्रिकोणांऐवजी चौकोनांवर आधारलेले चित्रांकन आणि सुरुवातीला अपुरी साधने, अशा यंत्रावर तेवढीच मेहनत करून ग्राहक मात्र कोटभरही नव्हते. त्यात सेगाने १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेत एक मोठी चूक केली. सप्टेंबरची तारीख जाहीर झालेली असताना तिने ३९९ डॉलरचा सॅटर्न अचानक, तोही निवडक दुकानांत, विक्रीला आणला. बाहेरच्या स्टुडिओंचे गेम सप्टेंबरच्या हिशेबाने चालले होते. त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हते आणि पहिले काही महिने सेगाचेच गेम तेवढे दुकानात राहिले. त्याच महिन्यातल्या गेमच्या प्रदर्शनात सोनीने २९९ डॉलर ही किंमत सांगितली. आपल्याला विश्वासात न घेता तारीख बदलणाऱ्या कंपनीवर पुढच्या वेळी किती अवलंबून राहायचे, हा विचार स्टुडिओंच्या मनात येणे स्वाभाविक होते. पुढे सेगाच्या ड्रीमकास्ट या नव्या यंत्रासाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एकही गेम काढला नाही. त्यामागे इतर वादही होते. पण सेगाला खेळांचे गेम स्वतःच्या स्टुडिओकडून बनवून घ्यावे लागले आणि २००१ मध्ये ते यंत्र बंद झाले.

प्लेस्टेशन ३ च्या वेळी सोनीने असे गृहीत धरले की पूर्वीसारखे सगळे आपल्यामागे येतील. त्याच्या सेल या प्रोसेसरमध्ये एका सर्वसाधारण गाभ्याबरोबर (कोर) गेमसाठी सहा छोटे विशेष गाभे उपलब्ध होते आणि त्यांच्यावर काम वाटून देण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरची होती. मेमरी २५६-२५६ मेगाबाइट अशी दोन भागांत विभागलेली. मायक्रोसॉफ्टने एक वर्ष आधी आणलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये मात्र ५१२ मेगाबाइट सलग मेमरी होती आणि साधने विंडोज वापरणाऱ्यांच्या ओळखीची होती. ही मेमरी २५६ वरून दुप्पट व्हावी म्हणून एपिक गेम्सने मायक्रोसॉफ्टकडे आग्रह धरला आणि मायक्रोसॉफ्टने तो मानला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, कारण यंत्र घडत असतानाच बाहेरच्या निर्मात्याचे ऐकले गेले. परिणामी दोन्ही यंत्रांवरचे अनेक गेम आधी ३६० वर तयार होऊन मग प्लेस्टेशन ३ वर नेले जाऊ लागले आणि तिथे ते कमी सफाईने चालत. २०११ मधला ‘स्कायरिम’ प्लेस्टेशन ३ वर सेव्ह फाइल वाढत गेली की मंदावत असे, ही तक्रार त्या काळी बरीच गाजली.

सोनीने ही चूक २०१३ मध्ये दुरुस्त केली. प्लेस्टेशन ४ ची रचना ठरवताना तिचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी वेगवेगळ्या स्टुडिओंना त्यांच्या गरजा विचारल्या आणि पीसीशी जवळीक असलेला प्रोसेसर व ८ गिगाबाइट सलग मेमरी असे सरळ यंत्र तयार झाले.

प्रश्न : कन्सोल कंपनीने प्रत्येक गेममागे घेतला जाणारा वाटा कमी केला, तर सगळे स्टुडिओ तिच्याकडे धावतील का?

उत्तर : हा प्रयोग होऊन गेला आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनी ३डीओ या यंत्रासाठी दर प्रतीमागे अवघे ३ डॉलर घेण्याचे ठरवले आणि सुरुवातीला अनेक प्रकाशकांनी तयारीही दाखवली. पण यंत्र बनवणाऱ्या पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांना गेमच्या विक्रीतून काही मिळत नसल्यामुळे त्यांना यंत्रावरच नफा काढावा लागे, आणि १९९३ मध्ये त्याची किंमत ६९९ डॉलर ठेवली गेली. इतक्या महाग यंत्राला ग्राहक मिळाले नाहीत, आणि ग्राहक नसताना वाटा कमी असून उपयोग नव्हता. डिजिटल विक्रीत आज कन्सोल कंपन्या साधारणपणे ३० टक्के घेतात. त्याबद्दल कुरबुर असली तरी मोठे प्रकाशक त्या कारणाने एखादे यंत्र सोडताना दिसत नाहीत.

छोट्या स्टुडिओंसाठी मात्र शुल्काचा प्रश्न खराखुरा जिव्हाळ्याचा आहे. एक्सबॉक्स ३६० वर गेममधला दोष सुधारून नवी आवृत्ती द्यायची तर पुन्हा तपासणीचे शुल्क भरावे लागे, आणि २०१२ मध्ये ‘फेझ’ या गेमच्या निर्मात्यांनी हा खर्च परवडत नाही म्हणून दुरुस्तीच पुन्हा पाठवली नाही. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ते शुल्क काढून टाकले आणि स्वतंत्र निर्मात्यांसाठी वेगळी योजना आणली. दोन-चार माणसांच्या संघाला त्यामुळे जी मोकळीक मिळाली, ती मोठ्या प्रकाशकांच्या हिशेबात कधी दिसत नाही, पण खेळणाऱ्यांना अनेक सुंदर गेम त्यामुळेच मिळाले आहेत.

प्रश्न : वीनंतरचा निन्टेंडोचा वी यू आला तेव्हा मोठ्या कंपन्यांनी व्यासपीठावर येऊन पाठिंबा जाहीर केला होता. नंतर सगळे गायब कसे झाले?

उत्तर : २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रमुखांनी निन्टेंडोच्या सादरीकरणात येऊन भागीदारीची घोषणा केली, हे खरे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये यंत्र आले, त्यावर या कंपनीचे मोजके गेम आले आणि २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे वी यूसाठी काहीही तयार होत नसल्याचे तिने सांगून टाकले. यूबीसॉफ्टचा ‘रेमन लेजेंड्स’ फक्त वी यूसाठी होता. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये जवळजवळ तयार असताना इतर यंत्रांवरही एकाच वेळी आणायचे म्हणून लांबवण्यात आला. ज्यांनी त्या गेमसाठी यंत्र घेतले होते त्यांचा संताप रास्त होता.

व्यासपीठावरचा पाठिंबा बहुतेक वेळा पहिल्या फळीतल्या गेमपुरता असतो. त्या गेमची विक्री कशी होते त्यावरून दुसऱ्या फळीचे पैसे मंजूर होतात. वी यूवर ती विक्री झाली नाही, म्हणून नवे गेम थांबले. गेम नाहीत म्हणून ग्राहकांनी यंत्र घेतले नाही. हे चक्र उलटे फिरवणे फार कठीण असते, आणि अखेर ते यंत्र सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबले. २०१७ मध्ये स्विच आणताना निन्टेंडोने अनरिअल आणि युनिटी ही प्रचलित गेम इंजिने, म्हणजे गेम बनवण्याची तयार सॉफ्टवेअर, त्यावर चालतील याची सोय आधी केली. यंत्र ताकदीने कमीच होते, पण काम सुरू करण्याचा खर्च घटला आणि ‘द विचर ३’ सारखा अवाढव्य गेमसुद्धा २०१९ मध्ये त्यावर आला.

प्रश्न : शेवटी पैसे देऊन गेम विकत घेतले जातात, असे नाही का? आणि आता सगळी यंत्रे आतून सारखीच असताना हा भेद का उरला आहे?

उत्तर : पैसे दिले जातात, यात लपवण्यासारखे काही नाही. ‘राइज ऑफ द टूम रेडर’ २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला आणि प्लेस्टेशन ४ वर यायला त्याला जवळजवळ एक वर्ष लागले, ते करारामुळेच. पण अशा करारांची ताकद मर्यादित असते. कॅपकॉमने २००२ मध्ये गेमक्यूबसाठी पाच गेम जाहीर केले होते. त्यांतला ‘रेसिडेंट एव्हिल ४’ जानेवारी २००५ मध्ये गेमक्यूबवर आला आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन २ वरही पोहोचला, कारण ग्राहकांचा मोठा साठा तिकडे होता.

आज तर एका यंत्रापुरते थांबणे मोठ्या गेमना परवडेनासे झाले आहे. ‘फायनल फँटसी १६’ २०२३ मध्ये केवळ प्लेस्टेशन ५ वर आला. पुढच्याच वर्षी स्क्वेअर आणि एनिक्स एकत्र येऊन बनलेल्या स्क्वेअर एनिक्सने यापुढे एकाच वेळी अनेक यंत्रांकडे वळण्याचे धोरण जाहीर केले. एकेकाळी ज्या कंपनीच्या एका निर्णयाने कन्सोलचे भवितव्य पालटले, तिनेच ही वाट धरली, याला मी फार महत्त्व देतो.

भेद उरला आहे तो मेमरी, अटी आणि माध्यम यांत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ गिगाबाइट मेमरी आहे, स्वस्त सिरीज एसमध्ये १०, आणि दोन्हींवर गेमची वैशिष्ट्ये सारखी असावीत अशी अट. लॅरियन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय सिरीज एसवर नीट बसेना, म्हणून तो गेम प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला तरी एक्सबॉक्सवर अडून राहिला. अखेर मायक्रोसॉफ्टने त्या एका सोयीपुरती सवलत दिली आणि डिसेंबरमध्ये गेम आला. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर कार्ट्रिजचा जुना प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा दिसतो. मोठ्या क्षमतेचे कार्ड महाग पडते म्हणून अनेक प्रकाशक नुसती किल्ली असलेले कार्ड विकतात आणि संपूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. सीडी प्रोजेक्टने ‘सायबरपंक २०७७’ मात्र ६४ गिगाबाइटच्या कार्डवर पूर्ण दिला. तो खर्च उचलणे त्यांना शक्य होते. इतरांनीही तो उचलावा असे वाटत असेल, तर निन्टेंडोने प्रकाशकांसाठी कार्डाची किंमत कमी केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.